फोटोच्या कडेचा खांदा

काका कुठल्याही माणसाला हात लावायच्या आधी हातातले ग्लोव्हज काढायचे. काढायचे म्हणजे नीट काढून बाजूला ठेवायचे असं नाही हां. हात एकदा झटकायचा की ग्लोव्हज खाली. मग पडलेलं पोर उचलायचं असो, कुणाशी शेकहँड करायचा असो, नाहीतर माझ्या डब्यातलं घावन घ्यायचं असो. मी रोज ते उचलायची, झटकायची, त्यांच्या मशीनवर नेऊन ठेवायची आणि मनात म्हणायची, एवढा मोठा माणूस पण ह्यांच्या आईनं ह्यांना वस्तू जागेवर ठेवायला शिकवलेलं दिसत नाही. तुम्ही असतात तर तुम्हीपण तेच म्हटलं असतंत.

आधी जागा सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल अबुधाबीत ग्लोव्हज कशाला. बाहेर अंडं फुटेल एवढं ऊन, आणि आत एवढं मोठं बर्फाचं मैदान, आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणाएवढं. त्याला सगळे रिंक म्हणतात. त्याच्यावर पोरं खाली पातं लावलेले बूट घालून पळतात, काठीनं काळी चकती मारतात, त्या खेळाला आइस हॉकी म्हणतात. ते बूट भाड्यानं द्यायच्या काउंटरवर मी. आणि माझ्या पाठीमागं, एका खुराड्याएवढ्या खोलीत, त्या बुटांच्या पात्यांना धार लावायचं काम काकांचं.

काका कॅनडाचे. नाव सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला कधी नीट उच्चारतापण आलं नाही. मी काका म्हणायला लागले आणि मग सगळा स्टाफच काका म्हणायला लागला, फिलिपिनो पोरीसुद्धा. दारातून वाकून यायला लागेल एवढी उंची. नाक कुंभार्ली घाटासारखं, दोनदा इकडं वळलेलं, एकदा तिकडं. हाताच्या बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे. रिंकवर यायच्या आधी बरीच वर्षं वाळवंटात तेलाच्या कंपनीत क्रेन चालवायचे, तिथं सगळे पठाण ड्रायव्हर, त्यांच्यातच जेवायचे, त्यांच्याकडूनच हिंदी शिकलेले. म्हणजे गोरा माणूस आणि तोंडात पठाणाची हिंदी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं बघितलं, बोललं कोण म्हणून.

मी कशी ते पण सांगायला पाहिजे. मी गुहागरकडची, नववी नापास, आणि भित्री. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला भीती, लिफ्टमधे एकटी जायला भीती, फोन इंग्लिशमधे वाजला की भीती, म्हणजे पलीकडून इंग्लिश येणार म्हणून. माझ्या नवऱ्याचं, म्हणजे ह्यांचं, काम मुसाफाला एसीच्या कंपनीत, आमची खोली एमबीझेड सिटीत, दुसऱ्या एका फॅमिलीबरोबर फ्लॅट वाटून घेतलेला. ह्यांच्या एकट्याच्या पगारात मी आणि आमची लेक ओवी इथं राहूच शकलो नसतो. म्हणून मी कामाला लागले. शाळा सुटली की ओवी बसनं रिंकवर यायची आणि काउंटरच्या मागं गृहपाठ करत बसायची. मॅडमनी तेवढं चालवून घेतलं होतं. मॅडम म्हणजे आमच्या सुपरवायजर, केरळच्या.

माझा पहिलाच आठवडा असेल. एक माणूस आला, त्याच्या मुलाचे बूट ओले निघाले होते, आणि तो काउंटरवर हात आपटून मोठ्यानं बोलायला लागला. मला एक अक्षर समजेना. मी नुसती "सॉरी सर, सॉरी सर" करतेय, ओवी माझा ड्रेस धरून उभी. तेवढ्यात धारेच्या मशीनचा आवाज बंद झाला. काका बाहेर आले, ग्लोव्हज खाली पडले, आणि ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. बस. डोळेसुद्धा वटारले नाहीत, उलट थोडेसे हसल्यासारखे. तो माणूस बोलता बोलता हळू झाला, मग "ओके, ओके, नो प्रॉब्लेम" म्हणाला आणि दुसरे बूट घेऊन गेला.

काका मला म्हणाले, "मैं इधर है."

आणि परत आत. मशीन सुरू.

हे त्यांचं बोलणं दिवसातून कितीदा ऐकायचं. एखादं पोर बर्फावर उतरायला रडतंय, "मैं इधर है." मॅडमना वरच्या ऑफिसात बोलावलंय आणि त्यांचा चेहरा उतरलाय, "मैं इधर है." त्याच्यापुढं काहीच नाही. मी ते करतो, मी हे बघतो, असलं काही नाही. मी इथं आहे, एवढंच.

त्यांचं डोकं दुखायचं फार. वरचे पांढरे दिवे सहन व्हायचे नाहीत, मग आतसुद्धा काळा चष्मा लावून बसायचे. आणि विसरायचे. ओवीचं नाव तर रोज विचारायचे, "तेरा नाम क्या, छोटी?" ओवीनं थोडे दिवस सांगितलं. मग एक दिवस माझं लक्ष नसताना म्हणाली, "टुडे आय ॲम मँगो."

"मँगो! वेरी गुड नेम."

मी ओवीला चिमटा काढला, मोठ्या माणसाची चेष्टा करतात का म्हणून. पण काका दिवसभर "मँगो, मँगो" करत खूश. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव विचारलं नाही. दारातूनच म्हणाले, "कैसा है मँगो?" एवढं एकच नाव त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. ओवी तेव्हापासून मँगोच.

आता ते मारामारीवाले होते हे मला कसं कळलं ते ऐका. दुपारच्या सुट्टीत काका मैदानाच्या कडेला एक काचेची पेटी आहे, आत बाकडं, तिथं बसून जेवायचे. मी घावनं द्यायला गेले तर ते फोनवर व्हिडिओ कॉल करत होते. पलीकडं त्यांच्यासारखाच एक म्हातारा, पुढचे दात नाहीत, आणि दोघं खिदळतायत. काकांनी फोन माझ्याकडं फिरवला.

"देखो, ये मेरा दोस्त. इसने मेरा नाक तोड़ा."

मी म्हटलं, "गाडी ठोकली?"

"नहीं, नहीं. ऐसे." आणि मूठ दाखवली. "दो बार. बहुत अच्छा आदमी. इसका दाँत मैंने तोड़ा."

पलीकडचा म्हातारा तोंड उघडून बोटानं जागा दाखवतोय, हौसेनं, जसं काही कुणी नवीन घर दाखवावं. मग दोघांनी एकमेकांना विचारलं, "हाऊज द हेड?" तो म्हणाला, सो सो. काका म्हणाले, सो सो. आणि परत हसले.

मी ते घावनं तिथंच ठेवून पळाले. घरी आल्या आल्या ह्यांना सांगितलं, "अहो, तो माणूस गुंड आहे. नाकं तोडतात, दात पाडतात, आणि त्याचं काही नाही त्यांना. मी नाही जाणार उद्यापासून, ओवीला पण नाही नेणार."

हे चपाती मोडत म्हणाले, "तुझ्या बाजूनं आहे ना पण तो गुंड?"

"म्हणजे काय, माझ्याच बाजूनं आहे."

"मग बरं आहे की. जा गुपचूप."

दुसऱ्या दिवशी मी छाती घट्ट करून काकांनाच विचारलं. "काका, तुम पहले गुंडा था?"

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "गुंडा नहीं. चौकीदार."

मग सांगितलं त्यांनी, तुकड्या तुकड्यात, कितीतरी दिवस, कधी मशीनच्या आवाजात तर कधी घावन खाता खाता. की तिकडं हा खेळ पैसे घेऊन खेळतात, मोठा असतो. टीममधे एखादा बारका पोरगा असतो, चपळ, तोच गोल करतो, म्हणून समोरचे त्यालाच धडका मारतात, काठीनं हाणतात, की हा घाबरला पाहिजे आणि थांबला पाहिजे. मग टीममधे एक काकांसारखा ठेवतात. त्याचं काम एकच. जो कोण त्या बारक्याला मारेल त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, पहले मेरे से बात. मग मारामारी. मग रेफ्री ह्यांना धरून त्या काचेच्या पेटीत नेऊन बसवणार, पाच मिनिटं शिक्षा.

"वो मेरा ऑफिस," काका म्हणायचे. म्हणूनच जेवायला अजून तिथंच बसायचे.

"और तुम गोल कितना मारा?"

"दो," काका म्हणाले. "एक डंडे से. एक पिछवाड़े से."

दुसऱ्यानं मारलेली चकती ह्यांना मागून लागली आणि आत गेली म्हणे. तोसुद्धा ह्यांच्या नावावर. ओवी हसून हसून खुर्चीतून पडली.

त्यांच्या मशीनच्या वर एक जुना फोटो चिकटवलेला होता. मधे तो बारका पोरगा, हातात मोठा चांदीचा कप, सगळ्यांनी त्याला उचललेलं, सगळे ओरडतायत. मी फोटोत काकांना शोधलं तर कुठंच नाहीत. विचारलं तर त्यांनी फोटोच्या अगदी कडेला बोट ठेवलं. तिथं फोटो संपतो, आणि संपायच्या आधी एक खांदा आहे. अर्धा खांदा आणि कोपर.

"ये मैं."

मला कसंतरी झालं. म्हटलं, "काका, एवढं करून फोटोत पण नाही घेतलं तुम्हाला?"

"घेतलं ना," अशा अर्थानं त्यांनी परत खांद्यावर बोट ठेवलं. आणि मग त्या बारक्याच्या तोंडावर ठेवलं. "देखो. दाँत. पूरा." त्याचे सगळे दात जागेवर होते, तेवढंच त्यांना मला दाखवायचं होतं.

रिंकच्या भिंतीवर मोठमोठ्या खेळाडूंचे पोस्टर होते, पोरांना त्यांची नावं पाठ. ह्या खोलीत धार लावणारा माणूस कोण होता हे एकाही पोराला माहीत नव्हतं. काकांनी कधी सांगितलं नाही. मारामारीचे व्हिडिओ फोनवर निघतात म्हणे, ओवीनं दाखवा म्हटलं तर म्हणाले, "वो सिर्फ काम था, मँगो. चाय बनाते हो, उसका वीडियो देखते हो?"

मग माझ्यावर आली.

मॅडमनी आम्हा काउंटरवाल्यांना बोलावून सांगितलं की आता बूट द्यायला मशीन बसणार, कार्ड लावलं की कप्पा उघडणार. काउंटर बंद. ज्यांना बर्फावर चालता येतं त्यांना मार्शलचं काम, म्हणजे लाल जॅकेट घालून मैदानावर उभं राहायचं, पडलेल्यांना उचलायचं, जोरात पळणाऱ्यांना थांबवायचं. ज्यांना येत नाही त्यांचं काँट्रॅक्ट ईदच्या सुट्टीनंतर खलास.

काँट्रॅक्ट खलास म्हणजे माझा व्हिसा खलास. म्हणजे मी आणि ओवी गावाला, आणि हे इथं सहा जणांच्या खोलीत, वर्षातून एकदा येणार, आणि ओवी त्यांना बघून दाराआड लपणार. मी माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी हे सगळं बघितलेलं आहे. मी बाथरूममधे जाऊन रडले, मग तोंड धुतलं, मग परत रडले. दोन वर्षं त्या बर्फाच्या शेजारी काम केलं आणि एकदासुद्धा पाय ठेवला नव्हता. त्याच्यातून मधेच कट्ट असा आवाज येतो ना, मला वाटायचं खाली पाणी आहे.

काकांनी विचारलं, "क्यों रोता है?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्या पायांकडं बघितलं, माझ्या मापाचे बूट शोधले आणि त्यांना धार लावायला बसले. विचारलंच नाही की तू शिकणार का.

रिंक उघडायच्या आधी सकाळी आम्ही उतरायचो. उतरायचो म्हणजे काय, मी कठड्याला पालीसारखी चिकटलेली असायची. काका मधे उभे राहून हात पुढं करायचे, "आओ. मैं इधर है." मी म्हणायची, "तुम उधर है, मैं इधर है!" पाय माझे ऐकतच नव्हते, एक दुबईला निघाला की दुसरा अल ऐनला. आणि डोक्यात काय, तर हात मोडला तर ओवीची वेणी कोण घालणार. असेच दिवस गेले. कठडा काही सुटेना.

एक दिवस काका वैतागले. म्हणजे वैतागले तरी हळूच बोलतात. म्हणाले, बर्फावर मारामारी करताना पडत का नाहीत माहितेय? आणि माझ्या जॅकेटची बाही घट्ट पकडली, माझा हात त्यांच्या बाहीवर ठेवला. "पकड़ो. जो पकड़ा नहीं, वो गिरेगा. तुम पीछे, मैं पीछे. दोनों खड़ा." म्हणजे तू मागं झुकायचं, मी मागं झुकायचं, आणि दोघांच्या ओढीनं दोघं उभे. त्यांच्यात शत्रूला असं धरतात, मारायच्या आधी, नाहीतर दोघं आपटतील.

मी त्यांच्या हाताकडं बघितलं, मागं झुकलेल्या अंगाकडं बघितलं, आणि म्हटलं, "काका, ही तर आमची फुगडी आहे!"

गौरीच्या वेळी आमच्याकडं रात्र रात्र फुगड्या. आमच्या वाडीत मला फुगडीत हरवणारी एक पोरगी नव्हती हां, तिथं मी भित्री नव्हते. मी त्यांचे दोन्ही हात धरले, क्रॉस करून, पाय जवळ आणले, आणि सांगितलं, गोल. काकांना आधी कळेना. मग पाय सरकले, आणि आम्ही फिरायला लागलो. बर्फावर फुगडी, तुम्ही कल्पना करा. गावच्या अंगणात शेणाच्या जमिनीवर जोर लावावा लागतो, इथं तर काहीच नाही, नुसतं मागं झुकायचं की आपोआप. काका ओरडतायत, "या अल्ला, धीरे, धीरे!" आणि मी हसतेय, आणि मग मधेच त्यांनी एक हात सोडला, मग दुसरा, आणि मी सरकत सरकत लांब गेले. उभी. मधोमध. कठडा इकडं पण लांब, तिकडं पण लांब.

"अहो काका!" मी ओरडले.

"मैं इधर है," काका तिथूनच म्हणाले, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत.

तिथून पुढं मग आलं हळूहळू. सुंदर बिंदर नाही, बदकासारखं, पण आलं.

मार्शलच्या कामाची टेस्ट ईदच्या सुट्टीत, भर गर्दीत. मॅडम आणि वरच्या ऑफिसचे साहेब काचेबाहेर उभे. मी लाल जॅकेटमधे, हातात ग्लोव्हज. काका त्यांच्या पेटीत, म्हणजे ऑफिसात, आणि ओवी त्यांच्या शेजारी. हे सुट्टी घेऊन आले होते, वर बसले होते, आणि एवढी भीती की माझ्याकडं बघतच नव्हते.

पहिल्यांदा बरं चाललं. एक-दोन जणींना उचललं. मग हॉकी शिकणारी मोठी पोरं आली, दाढी फुटलेली, आणि एकमेकांच्या मागं सुसाट पळायला लागली. मी शिट्टी वाजवली. ऐकतंय कोण. आणि नेमकं एक तीन-चार वर्षांचं लेकरू मधोमध पडलं, बसूनच रडायला लागलं, आणि ती पोरं वळण घेऊन सरळ त्याच्यावरच.

मला आता आठवत नाही मी तिथं कशी पोचले. एवढं आठवतं की मी लेकराच्या पुढं उभी होते, तोंड पोरांकडं. लेकराला धरायचं होतं, आणि काकांचं बघून बघून मला तीच सवय लागलेली, माणसाला हात लावायचा तर उघड्या हातानं. मी हात झटकले. ग्लोव्हज खाली पडले.

पोरं अशी थांबली की त्यांच्या पात्यांनी बर्फाचा भुगा माझ्या गुडघ्यापर्यंत उडाला. आणि सगळ्यात पुढचा, माझ्यापेक्षा दीड हात उंच, दोन्ही हात वर करून म्हणतो, "नो नो, सॉरी आंटी! नो फाइट, आंटी!"

मागून एक जण ओरडला, "ब्रो, आंटी ड्रॉप्ड द ग्लोव्हज!" आणि मग सगळी पोरं कठड्यावर हात आपटायला लागली, धडाधड, शिट्ट्या, टाळ्या. मला वाटलं झालं, काहीतरी मोठं चुकलं, गेलं काम. मी लेकराला कडेवर घेतलं आणि काकांकडं बघितलं. ते पेटीत बसून हसतायत, चष्म्याखालून पाणी येतंय, आणि काचेवर थापा मारतायत.

नंतर कळलं. त्यांच्या खेळात भर मैदानात ग्लोव्हज खाली टाकले म्हणजे, ये, मारामारीला ये. ती पद्धतच आहे. म्हणजे काका एवढी वर्षं जिथं तिथं ग्लोव्हज टाकत होते ते वळण नाही म्हणून नाही. हाताला लागलेली सवय होती, आयुष्यभराची. फक्त आता ते टाकून पोरं उचलायचे.

साहेब मॅडमना म्हणाले, "शी इज गुड." मॅडमनी मला नंतर जवळ घेतलं. आणि हे, ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं, ते ओवीला विचारत होते, "काय झालं गं, काय झालं?" ओवी म्हणाली, "बाबा, आई जिंकली. विदाऊट हिटिंग."

काकांचं डोकं मात्र जास्त दुखायला लागलं. धार लावताना मशीन चालू ठेवून बसून राहायचे. एकदा रिंकमधून पार्किंगला गेले आणि गाडी कुठली ते आठवेना, उन्हात फिरत बसले. त्यांना बायको-पोरं कुणी नव्हतं. आम्ही सगळे घाबरलो, आता ह्यांचं कोण बघणार.

तर कोण आलं असेल? तो. नाक तोडणारा. एवढ्या लांबून विमानानं, दात नसलेला, फुलाफुलांचा शर्ट घालून. त्याचंपण डोकं सो सो, तोपण एकटा, तळ्याकाठी घर आहे म्हणाला, दोन खोल्या रिकाम्या. म्हणाला, "वन ऑफ अस विल रिमेंबर." दोघांतल्या एकाला तरी आठवेल.

काका त्याच्याबरोबर जायला तयार झाले. शेवटच्या दिवशी पोरांना आता माहीत झालेलं होतं काका कोण ते, आंटीच्या ग्लोव्हजनंतर सगळं बाहेर आलं होतं. पोरांनी हट्ट धरला. दोघं म्हातारे बूट बांधून मधे आले. समोरासमोर उभे राहिले. ग्लोव्हज खाली पडले, चारी. पोरं कठडे बडवायला लागली. मी डोळे झाकले, मग बोटांतून बघितलं. दोघांनी एकमेकांची बाही धरली. घट्ट. आणि काकांनी माझ्याकडं बघितलं, आणि मागं झुकले.

फुगडी. दोन डोंगर फुगडी घालत होते. तो दुसरा ओरडत होता, "व्हॉट इज धिस! व्हॉट इज धिस!" आणि काका म्हणत होते, "पकड़ो! जो छोड़ा वो गिरेगा!" त्याला हिंदी कुठं कळतंय. पण सोडलं नाही त्यानं.

मग फोटो. काका सवयीनं कडेला जायला लागले, पोरांनी ढकलत ढकलत मधे आणले, मँगोला त्यांच्या कडेवर दिलं. सगळे आत मावावेत म्हणून मी कडेकडेला सरकले, तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

आता तो फोटो तिकडं तळ्याकाठी त्यांच्या भिंतीवर आहे. मी व्हिडिओ कॉलवर बघितला. दोस्त फोन धरतो, काका समोर. मला बघून नाव आठवत नाही त्यांना. ओवी पुढं आली की "मँगो!" लगेच. परवा बोलता बोलता ते उठले, भिंतीजवळ गेले आणि फोटोतला एक एक जण बघायला लागले. पोरं, मॅडम, दोस्त, स्वतः. मग बोट कडेला नेलं, जिथं फोटो संपतो. तिथं लाल जॅकेटचा एक खांदा आहे.

"ये कौन?"

माझी रिंकवर जायची वेळ झाली होती, जॅकेट अंगातच होतं. मी म्हटलं, "मैं, काका. मैं इधर है."

त्यांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्या खांद्याकडं बघितलं, मग परत फोटोकडं.

"अच्छा जगह है," काका म्हणाले.